टेंभुर्णे सरांचं भेव

टेंभुर्णे सर गेल्याचं मला त्यांच्या मुलीच्या पत्रातून कळलं. चार ओळींचं पत्र. शेवटी फार त्रास झाला नाही, असं तिनं लिहिलं होतं, आणि खाली, 'बाबा तुमच्या बहिणीची आठवण काढायचे.' पत्र येऊन महिना होत आला. शाळेतून आल्यावर मी एखाददोन ओळी लिहिते आणि कागद मिटून ठेवते. सरांबद्दल लिहायचं तर भीतीबद्दल लिहावं लागतं, आणि ते भरभर होत नाही.

सुरतला, उधन्यातल्या आमच्या मराठी शाळेत ते विज्ञान शिकवायचे. मी मराठी शिकवायचे आणि ग्रंथालयाची दोन कपाटं सांभाळायचे. सर उंच, खांद्यात किंचित वाकलेले, सदऱ्याचं वरचं बटण कायम लावलेलं. मी शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी पाहिलं की शिक्षकांच्या खोलीतून निघताना त्यांनी पायातले बूट काढले, उलटे करून तीनदा आपटले आणि पुन्हा घातले. ती खोली तिसऱ्या मजल्यावर होती.

"तिसऱ्या मजल्यावर विंचू कुठून येणार, सर?" मी विचारलं.

"जिन्यानं," ते म्हणाले आणि जिना उतरू लागले.

पंख्याखाली ते कधी बसले नाहीत. सभागृहात त्यांची खुर्ची दाराजवळची. प्रयोगशाळेतली आम्लाची बाटली शिपायाला उचलू द्यायचे नाहीत. स्वतः दोन्ही हातांत धरून, तान्हं मूल न्यावं तशी, एकेक पाऊल टाकत न्यायचे, आणि वर्गातली पोरं श्वास रोखून बघायची. त्यांच्या कपाटात पुस्तकांमागे वीस हात सुताचा दोर, एक शिट्टी आणि हळदीची पुडी असे. कशासाठी, असं विचारलं की म्हणायचे, "ते आधी माहीत असतं तर एवढं ठेवलं नसतं."

लपवायचे मात्र काही नाहीत. दुसरी माणसं भीतीला काळजी म्हणतात, शिस्त म्हणतात. सर सरळ भीती म्हणायचे. कवायतीचे पाटील सर धुळ्याकडचे, घरात आणि रागात अहिराणी बोलणारे. ते सरांना सोडायचे नाहीत.

"काय सर, आज चहालेबी घाबरी राहिनात का?"

"गरम आहे, पाटील. निवू द्या."

"अरे देवा! माणूस शे का ससा शे?"

"ससा सात वर्षं जगतो," सर बशीत फुंकर घालत म्हणायचे. "जपून राहिला तर आठ."

ते गोंदियाकडच्या जंगलातले. वर्गात बोलायचे ते पुस्तकासारखी स्वच्छ मराठी. पण भीती वाटली की जीभ आपोआप गावाकडे वळायची. 'मला'चं 'मले' व्हायचं, 'का'चं 'काहून', आणि भीतीचं 'भेव'. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की परीक्षेच्या काळात निरीक्षक आलेत की नाहीत, हे सरांच्या बोलण्यावरून कळायचं.

त्यांचे वडील जंगल खात्यात रखवालदार होते. एकदा पाटील सरांनी त्यावरून टोमणा मारला, "बाप जंगलात राहिला आणि पोरगा उंदराला भितो." सरांना राग आला नाही. पेल्यातला चहा संपवून ते म्हणाले, "माझा बाप कायलेच भेत नव्हता, पाटील. मोहाच्या दिवसांत एक अस्वल त्या बाजूला होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. बाप गेला तो कुऱ्हाड न घेताच. वाट पायाखालची होती. हजार वेळा गेलेली." मग पेला विसळून पालथा घातला. "मी तवा सात वर्षांचा होतो." पुढे कित्येक दिवस पाटील सर त्यांना काही बोलले नाहीत.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात शहरात प्लेग आला. दोन दिवसांत आमची गल्ली रिकामी झाली. खानदेशची माणसं मिळेल त्या गाडीनं भुसावळच्या दिशेनं गेली, जाताना दारांना कुलपं लावायलाही कुणी थांबलं नाही. आम्ही तिघी राहिलो. आई, मी आणि माझी धाकटी बहीण सुनंदा. वडील बँकेत होते, ते वारल्यालाही तेव्हा चार वर्षं झाली होती. आईला दम्याचा त्रास, तिला त्या गर्दीत नेणं शक्य नव्हतं. आणि मूळ गावी, परभणीला तरी आमचं कोण उरलं होतं?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खालून सायकलची घंटा ऐकू आली. पाहते तर टेंभुर्णे सर. तोंडाला ओला पंचा बांधलेला, भेस्तानच्या आपल्या घरून सायकल मारत आलेले. आमच्या इमारतीसमोर विजेचा खांब होता. त्याच्या पलीकडे ते उभे राहिले आणि तिथूनच ओरडले.

"ताप?"

"नाही!"

"गाठ? काखेत, जांघेत?"

"नाही, सर!"

"पाणी उकळलं?"

"हो!"

"जातो मग. भेव लागून राह्यलं मले."

रिकाम्या गल्लीत त्यांचा आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परत यायचा. ते रोज आले. रोज हेच चार प्रश्न. खांबाच्या अलीकडे एक पाऊल टाकलं नाही, आणि शाळा पुन्हा उघडेपर्यंत एकही दिवस चुकवला नाही. आई खिडकीतून बघायची. एकदा म्हणाली, "हा माणूस थरथरतोय गं." थरथरत होतेच. सायकलचं हँडल हलताना वरून दिसायचं.

असा हा माणूस दर जानेवारीत आम्हा चाळीसेक जणांना डांगच्या जंगलात न्यायचा, हे ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. शिक्षक, त्यांची घरची माणसं, वरच्या वर्गातली काही मुलं. पहाटे उधन्याहून भाड्याची बस निघायची, पलसाण्याच्या चौकात चहा, मग बारडोली, व्यारा, आणि नऊच्या सुमारास अभयारण्याचा नाका. तिथून दिवसभर चालून संध्याकाळी सहाच्या आत पुन्हा त्याच नाक्यावर. यंत्रमागांच्या खडखडाटात आणि रंगाच्या वासात वर्ष काढणाऱ्या आम्हा लोकांना तो एक दिवस पुढच्या जानेवारीपर्यंत पुरायचा.

ती एकच वाट होती, पण तिच्यावर चार जंगलं होती. प्रत्येक जंगलाच्या तोंडाशी सर सगळ्यांना थांबवत आणि त्या जागेची भीती समजावून सांगत. आधी नदीचं पात्र, शेवाळलेल्या गोट्यांचं. "इथं गप्पा नाहीत. डोळे पायाखाली." मग बांबूचं बन, भर दिवसा हिरवा अंधार असलेलं. "इथं चार हातांपलीकडे दिसत नाही. इथं कानांनी चालायचं." त्यानंतर ओढ्याचा डोह, तिथं जेवण. जेवणानंतर सागाचा चढ, खाली वाळलेल्या पानांचा गुडघाभर थर. "पानं वाजताहेत तोवर बरं आहे. कुणाचं तरी पाऊल वाजायचं थांबलं, की सगळ्यांनी थांबायचं." आणि शेवटी वरचं कुरण, छातीइतक्या पिवळ्या गवताचं, वाऱ्यानं सारखं सळसळणारं. "इथं आपण सगळ्यांना दिसतो. आपल्याला कोणी दिसत नाही." आपल्याकडच्या सहलींत माणसं गाणी म्हणतात, भेंड्या लावतात. आमच्या सहलीत माणसं ऐकत चालायची. मला तर त्या भीतीमुळेच तिथलं एकेक झाड आठवतं.

मोजणी ही सरांची खास काळजी. पहिल्या वर्षी ते डोकी मोजायचे, पण माणसं हलायची, मुलं मुद्दाम जागा बदलायची, कुणी तरी झाडामागे गेलेलं असायचं. कधी अडतीस यायचे, कधी त्रेचाळीस. मग त्यांनी डबे मोजायला सुरुवात केली. सकाळी बसमधून उतरताना प्रत्येकानं आपला जेवणाचा डबा त्यांच्या हातात द्यायचा. डबे दोन पोत्यांत भरायचे, ती पोती वाटाड्या काळूभाई आणि त्याचा भाऊ उचलायचे. डोहावर डबे वाटायचे, जेवण झालं की रिकामे डबे प्रत्येकानं आणून परत पोत्यात टाकायचे. सकाळइतके डबे परत आले, म्हणजे सगळी माणसं आहेत. डबा सोडून माणूस कुठं जात नाही, आणि बायका तर मुळीच जात नाहीत. "माणसं हलतात, डबे हलत नाहीत," सर म्हणायचे. प्लेगनंतरच्या जानेवारीत सहल निघाली नव्हती, ते वर्ष सोडलं तर आठ वर्षं हा हिशेब एकदाही चुकला नाही.

शहाण्णवच्या जानेवारीत सुनंदा पहिल्यांदा आमच्याबरोबर आली. तेव्हा ती बावीस वर्षांची. सुरतजवळच्या सचिन गावातल्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या कचेरीत टंकलेखनाची नोकरी तिला नुकतीच लागली होती. एकटी बसनं जायची, एकटी यायची, आणि पगार झाला की आईच्या हातात ठेवायची. त्या दिवशी संकष्टी होती. इतर उपास करणाऱ्या बायकांनी खिचडीचे डबे आणले होते. सुनंदा चंद्र पाहीपर्यंत काही खायची नाही. आईचा दमा वाढल्यापासून तिनं हे व्रत धरलं होतं. पर्समध्ये दोन केळी, तीही उपास सोडायच्या वेळची.

म्हणजे तिच्याकडे डबा नव्हता.

नाक्यावर सरांनी डबे मोजले. "चाळीस," ते म्हणाले. मी शेजारी उभी होते. त्यांचा आवाज मला आजही स्वच्छ आठवतो. शांत, पुस्तकी, अगदी वर्गातल्यासारखा.

दुपारी डोहावर आम्ही पंगत धरली. सुनंदा थोडा वेळ माझ्याजवळ बसली, मग म्हणाली, "ताई, लोणच्याचा वास येतोय, मी जरा पाय धुऊन येते." मी मान हलवली. शेजारी हस्तकलेच्या बाई बसल्या होत्या, आमचं काही तरी बोलणं चाललं होतं. जेवण आटोपलं. सरांनी डबे पोत्यात टाकले, एकेक, स्वतःच्या हातानं. "चाळीस. चला."

मी तिची सख्खी बहीण. मी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं ती पुढे पोरींबरोबर गेली असेल. सागाच्या चढावर आमची रांग लांबली, पुढे सर, मागे पाटील सर, मध्ये आम्ही सगळे पानं वाजवत. कुरणावर पोचलो तेव्हा तीन वाजले असतील. कुणी तरी तिळाचे लाडू काढले. रात्री उपास सोडायला सुनंदाला होईल म्हणून मी एक लाडू रुमालात बांधला आणि पोरींना विचारलं, "सुनंदा कुठंय?"

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. "त्या तुमच्याबरोबर होत्या ना, बाई?"

मी हाक मारली. गवतात हाक लांब गेली आणि परत आली नाही. टेंभुर्णे सर गर्दीतून पुढे आले. "असं कसं होईल?" ते म्हणाले. "चाळीस डबे भरलेत. मी भरलेत."

पाटील सर मागून ओरडले, "अहो सर, त्या पोरगीकडे डबाच नव्हता! उपास होता तिचा!"

सरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यावर काहीच नव्हतं. मग त्यांनी खाली बघितलं, स्वतःच्या हातांकडे. ते बाजूला गेले, गवतात ओणवे झाले आणि ओकले. तोंड पुसून परत आले तेव्हा त्यांची भाषा बदलली होती.

"चूक माही हाय. पाटील, तुम्ही सगळ्याइले घेऊन नाक्यावर जा. कोणी थांबाचं नाही, कोणी मांगं फिराचं नाही. काळूभाई, तू चाल माह्यासंगं. बाई, तुम्हीबी चला. तिनं तुमचा आवाज वळखला पाहिजे."

नाका सहाला बंद होतो, गेल्या पंधरवड्यात खालच्या पाड्यातल्या शेळ्या बिबट्यानं नेल्यात, हे सकाळीच नाकेदारानं सांगितलं होतं. कपाटातला तो दोर सरांच्या खांद्यावर होता.

आलो त्याच वाटेनं आम्ही उलटे निघालो. सकाळी सरांच्या मागे चालताना जी भीती गोष्टीसारखी होती, ती आता खरी झाली होती. सागाच्या उतारावर आमची सहा पावलं वाजत होती. मधूनच काळूभाई हात वर करायचा. आम्ही थांबायचो. आमची पानं थांबायची आणि दूर कुठं तरी आणखी दोनतीन पानं वाजून थांबायची. "भेकर," तो म्हणायचा, पण त्याचे डोळे दुसरीकडेच असायचे. मला एकदोनदा मागे वळावंसं वाटलं. तो हळूच म्हणाला, "बेन, पाछळ जोशो नहीं."

सर माझ्यापुढे होते. त्यांच्या मानेवरून घाम निथळत होता आणि ते सारखे बोलत होते, माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. "भेव लागते मले. लय भेव लागते. चाल. चाल, बाप्पा. पाय उचल." एकदा त्यांचे पाय खरंच उचलेनात. त्यांनी सागाचं खोड दोन्ही हातांनी धरलं, दहा-बारा श्वास घेतले आणि पुन्हा निघाले. त्या क्षणी मला त्यांचा संताप आला होता, हे लिहायला हवं. चाळीस पितळी आणि स्टीलचे डबे, आणि माझी बहीण त्यांच्यात नाही. मला माझाही तितकाच संताप येत होता.

डोहावर पोचलो तर पंगतीची जागा तशीच होती. केळीच्या साली, मीठ सांडलेलं, एक हरवलेला चमचा. ऊन डोहावरून निघून समोरच्या कड्यावर चढलं होतं. मी हाका मारल्या. उत्तर नाही. पाण्याकाठच्या चिखलात सर अचानक थांबले, एक पाय पुढे टाकला आणि चालता चालता घसरल्यासारखं करून बुटानं चिखल सारवला. मला ते पाऊल दिसू नये म्हणून. पण ते मी आधीच पाहिलं होतं. कपाच्या तोंडाएवढं, चार बोटांचं, त्यात अजून पाणी भरत होतं.

काळूभाईनंही पाहिलं होतं. तो म्हणाला, "साहेब, नाक्यावरून माणसं आणू. बंदूक आणू."

"किती वेळ?"

"बे कलाक."

"दोन तासांत अंधार होते," सर म्हणाले. इतका वेळ चाललेली त्यांची ती पुटपुट थांबली. त्यांनी मान तिरपी केली. "बाई, हाक मारा परत."

मी मारली.

"आता ऐका. काय ऐकू येते?"

"काही नाही, सर. पाणी."

"हाव. पाणी. वरतं पाणी पडून राह्यलं. तिथं बसलेल्या माणसाले आपली हाक कशी ऐकू जाईल? अन् तिची आपल्याले?"

ओढा वर जिथं वळतो तिथं दोन खडकांमधून पाणी पडत होतं. एवढंसंच, कमरेइतकं उंच, पण दगडांच्या खळग्यात त्याचा आवाज घुमत होता. सर त्या गोट्यांवरून हातापायांवर चढले. बूट ओले, दोर ओला. आम्ही मागून. खडकाच्या पलीकडे, दोन धोंड्यांच्या बेचक्यात, पाठ दगडाला लावून सुनंदा बसली होती. उजवा पाय घोट्यापाशी सुजून काळानिळा. हातात एक धोंडा, छातीशी धरलेला. तोंड उघडं होतं आणि त्यातून हवेसारखा आवाज येत होता. हाका मारून मारून तिचा घसा गेला होता.

आम्हाला बघूनही तिनं धोंडा सोडला नाही.

सर तिच्यासमोर पाण्यातच गुडघे टेकून बसले. "नाव सांग, पोरी."

तिचे ओठ हलले.

"पुरं सांग."

तिनं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासह. ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. मग सरांनी तिच्या बोटांतून तो धोंडा एकेक बोट उचलून सोडवला. मी तिला मिठी मारली तेव्हा ती लाकडासारखी ताठ होती. नंतर कितीतरी दिवसांनी तिनं मला सांगितलं की आम्ही डोहावरून निघालो तेव्हा तिला खडकाच्या फटीतून आमचे कपडे दिसत होते. ती ओरडत होती आणि आम्ही हसत, बोलत, एकामागे एक झाडांत शिरत होतो. त्यानंतर काही तरी पाणी प्यायला आलं होतं. ते तिनं पाहिलं नाही, डोळे मिटून घेतले होते. फक्त पिण्याचा आवाज ऐकला.

काळूभाईनं तिला पाठीवर घेतलं, दोरानं बांधून. नाक्यावर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. व्याऱ्याच्या पुढे सर माझ्या बाकाशी येऊन उभे राहिले. "बाई, सकाळी डबे मोजले तवा मले भेव वाटलं नव्हतं. आठ वर्षं सगळे वापस आले ना. मी नुसते डबे मोजत होतो." एवढं बोलून ते पुढे दाराजवळ जाऊन बसले.

आईला काही सांगायचं नाही, पाय घसरला एवढंच म्हणायचं, असं मी आणि सुनंदानं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सर आमच्या दारात उभे होते. आत आले नाहीत. आईला बोलावलं आणि उंबऱ्याबाहेरून सगळं सांगितलं, डब्यांपासून चिखलातल्या पावलापर्यंत, काहीही न वगळता. आई दाराला धरून ऐकत होती. तिला धाप लागली होती.

"चाळीस डबे मोजलेत तुम्ही, मास्तर," ती म्हणाली. "माझं लेकरू कोणत्या डब्यात होतं?"

"कोणत्याच नाही, आई."

मग आई म्हणाली, "खोटं बोलला असतात तर दार लावून घेतलं असतं. या, बसा. चहा टाकते." सर बसले. चहा गरम होता, तसाच प्याले.

सुनंदाचा पाय तीन आठवड्यांत बरा झाला. बाकी काही बरं झालं नाही. ती खाली दुधाला जाईना. रात्री दिवा मालवू देईना. नळ सोडला की दुसऱ्या खोलीत निघून जायची, कारण पाण्याच्या आवाजात कुणी हाक मारली तर ऐकू येणार नाही. मोठ्यानं बोलणंच तिनं सोडलं. सचिनची नोकरी महिनाभर थांबली, मग कचेरीतून निरोप आला की जूनपर्यंत वाट पाहू, पुढे दुसरी मुलगी घेऊ. आई रात्री उठून तिच्या अंथरुणाशी बसायची. मी पुस्तकं आणून द्यायचे. ती पानं उलटायची.

सरांनी सहल बंद केली. मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षाचं विचारलं तर म्हणाले, "नाही." मेमध्ये ते निवृत्त होणार होते, गोंदियाला मुलीकडे जाणार होते. जायच्या आठवड्यात एका संध्याकाळी ते घरी आले. आईसमोर हात जोडून म्हणाले, "उद्या सुनंदाला घेऊन जातो. त्याच जागी. संध्याकाळच्या आत आणतो."

"वेड लागलंय का तुम्हाला?" मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळले नाहीत. आईलाच सांगत राहिले. "ओढा आटलाय, आई. मी गेल्या रविवारी जाऊन पाहून आलो. पाण्याचा थेंब नाही, आवाज नाही. काळूभाईला डोहावर उभा करतो, त्याच्या भावाला वर कुरणाच्या कडेला. ही त्या धोंड्यांत बसून हाक मारेल. किती लांब ऐकू जाते ते तिला कळू द्या."

"आणि नाही गेली ऐकू तर?" आईनं विचारलं.

"मी तिच्याशेजारी असेन. मले तिच्यापेक्षा जास्त भेव लागते."

आई नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं. तेवढ्यात सुनंदा आतल्या खोलीतून बाहेर आली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं पाहुण्यासमोर तोंड उघडलं. "मी जाते, आई," ती म्हणाली. इतकं हळू, की आईला पुन्हा विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिथं काय झालं ते मला आजही पुरतं माहीत नाही. संध्याकाळी सुनंदा आली ती एकटी, एसटीच्या थांब्यापासून चालत. घसा बसला होता. मी विचारलं तर हातानं 'नंतर' अशी खूण केली, जेवली, आणि दिवा मालवून झोपली. जूनमध्ये ती कामावर गेली. मी मात्र त्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच दिवशी उत्तरपत्रिका तपासायला नवसारीला गेले होते, परत आले तोवर सरांची गोंदियाची गाडी निघून गेली होती. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दोघं जंगलाकडे निघाले त्या सकाळीच.

मी दोघांना सोडायला थांब्यावर गेले होते. साडेपाचची बस, निम्मी रिकामी. सुनंदा खिडकीशी बसली, ओढणी मुठीत गच्च धरून. सर तिच्या शेजारी. वाहकानं घंटी दिली. बस हलली तेव्हा मी हात वर केला, मोठ्यानं म्हणाले, "सर, नीट या!" आणि हात हलवत बसबरोबर चार पावलं धावले. सरांनी पाहिलं नाही. रस्ता, वाहक, मी, कुणाकडेच त्यांचं लक्ष नव्हतं. सुनंदाचा चेहरा हातभर अंतरावर होता आणि ते त्याच्याकडे एकटक बघत होते, बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.